मागच्या बोळातला खडखडाट

पहाटे सव्वातीनला आलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. ‘ताई, मी वेडी होणार. रोज रात्री खाली कचऱ्यात कुणीतरी उचकापाचक करतंय.’ त्याखाली सोसायटीच्या ग्रुपवरचे निरोपही पुढे पाठवलेस. एकाला कंटेनरला कुलूप हवंय, एकाला पोलीस हवेत, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना वरून बादलीभर पाणी ओतायचंय. फोनवर बोलायला गेलं की तुझी लेक मध्येच फोन ओढते, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. चहा घेऊन बस.

‘ते बिचारे पोटासाठी करतात आणि मी मेली झोपेसाठी रडते’ असं तू लिहिलंयस ना, ते आधी खोडून टाक. दिवसभर ऑफिस, संध्याकाळी पोरीचा अभ्यास आणि रात्री दोन-तीनदा दचकून जाग, हे महिनोन्महिने चाललं तर धडधाकट माणूसही आजारी पडतो. झोप मागण्यात ओशाळण्यासारखं काही नाही. फक्त राग कुणावर काढायचा ते नीट ठरव. कारण माझ्या मते तुमच्या अख्ख्या ग्रुपचा राग चुकीच्या माणसावर निघतोय.

दोन-चार रात्री एक कर. जाग आली की चिडण्याआधी घड्याळ बघ आणि कान देऊन ऐक. तुमच्या मागच्या बोळात एक परमिट रूम, एक उडपी, कपड्यांची दुकानं आणि कोपऱ्यावर तो केकवाला. हॉटेल बंद झालं की आतली पोरं शेवटची फेरी मारतात. उरलंसुरलं अन्न, पाण्याच्या बाटल्या, फुटके ग्लास, सगळं एका पिंपातून कंटेनरमध्ये उलटं. हा धडाका साधारण साडेबारा-एकचा. मग शटर. मग कुत्री. मग जरा शांतता, आणि त्यानंतर ती खुडबूड, जिच्यावर तुम्ही सगळे तुटून पडलायत. शेवटी पहाटे महापालिकेची गाडी, मागे येताना पीं-पीं करत. तू म्हणतेस ‘रात्रभर कचरेवाले’. लिहून ठेवशील तेव्हा कळेल की रात्रभरातला त्यांचा वाटा किती.

आम्ही शनिवार पेठेत राहायचो तेव्हा आमच्याही मागे असाच बोळ होता. एका रात्री गॅलरीत उभी राहून मी सगळं नीट पाहिलं होतं. साठीच्या आसपासची बाई, नऊवारीवर पुरुषी शर्ट चढवलेला. दुधाचा प्लास्टिकचा क्रेट पालथा घालून त्यावर चढली. कंटेनरचं झाकण उचललं आणि ते आपटू नये म्हणून चक्क डोक्यावर तोलून धरलं. एका हातातल्या लोखंडी आकडीने ती पिशव्या जवळ ओढत होती. बोळात दिवा नाही, त्यामुळे प्रत्येक पिशवी चाचपायची, हलवायची. आत पुठ्ठा आहे की भात, हे हातालाच कळत असणार. बाटली लागली तर गोणीत ठेवायची, टाकायची नाही. इतक्यात हॉटेलचं मागचं दार उघडलं आणि एका पोराने पिंपभर काच तिच्या शेजारी ओतली. बिअरच्या चांगल्या बाटल्या हॉटेलवाले स्वतःच भंगारवाल्याला विकतात, ही उरलेली सॉसची, लोणच्याची, फुटकीतुटकी. समोरच्या इमारतीत दोन दिवे लागले आणि वरून कुणीतरी सणसणीत शिवी हासडली. पोरगा तोवर आत गेलेला. शिवी बसली बाईला.

सगळेच तिच्याइतके जपून काम करतात असं मी म्हणणार नाही. काही जण घाईत पिशव्या फाडतात, नको ते बाहेर भिरकावतात, दोघं एकदम आले तर मालावरून भांडतातही. एखादा प्यायलेला असतो. तुझ्या बोळात कोण येतं ते मला माहीत नाही, पण बघितल्याशिवाय तुलाही ते माहीत नाही.

आता तू विचारशील, दिवसा का नाही येत? दिवसा दुकानदार दारात उभं राहू देत नाही, हे एक. गाड्या उभ्या असतात, कंटेनरपर्यंत पोचता येत नाही, हे दुसरं. पण खरी गोष्ट पुठ्ठ्याची आहे. कपड्यांच्या दुकानातली खोकी दुकान बढवताना बाहेर पडतात. त्यावर हॉटेलची आमटी ओतली गेली की पुठ्ठा भिजला, आणि भिजलेला पुठ्ठा भंगारवाला एक तर घेत नाही, नाहीतर वजनात कापतो. पहाटे गाडी आली की उरलंसुरलंही गेलं. म्हणजे खोकी बाहेर पडल्यापासून गाडी येईपर्यंत काय ते काही तास, आणि त्यातही जो आधी पोचेल त्याचा माल. पावसाळ्यात तर ही घाई आणखी वाढते. रात्रीची वेळ त्यांनी हौसेने निवडलेली नाही गं. तुमच्या बोळातल्या दुकानांच्या कचऱ्याचं वेळापत्रकच तसं आहे.

पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांचा इतिहास मोठा आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापूरकडून गावं सोडून आलेल्या कितीतरी कुटुंबांतल्या बायका या कामात शिरल्या. बहुतेक दलित, जमीन नाही, शाळा नाही. १९९३ मध्ये बाबा आढाव आणि इतर कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने त्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली, ओळखपत्रं मिळाली, नाहीतर गोणी पाठीवर दिसली की चोर समजून हटकणं नेहमीचंच होतं. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार झाला. सकाळी तुझ्या दारात ओला-सुका घ्यायला येणारी ताई बहुधा त्यातलीच. तिला एकदा विचार, रात्री मागे कोण येतं म्हणून. तिला ठाऊक असेल. रात्री येणारे बऱ्याचदा या व्यवस्थेच्या बाहेरचे असतात, नवे आलेले, ओळखपत्र नसलेले, म्हणून तर अंधारात येतात. पण तिच्या ओळखीतले निघाले तर तुझं अर्धं काम तिथेच झालं.

कुलपाचं म्हणशील तर ते मनातून काढून टाक. कंटेनरला कुलूप लागलं की हॉटेलच्या पोराकडे किल्ली नसते, किंवा असली तरी एक वाजता ती शोधायचा त्याला कंटाळा येतो. मग पिशव्या कंटेनरच्या बाहेर पडतात. त्या कुत्री फाडतात, उंदीर येतात, आणि आवाज आहे तिथेच राहून वर वास सुरू होतो. समजा कुलूप नीट चाललंच, तर ती बाई पलीकडच्या बोळात जाईल आणि तिथल्या कुणाची तरी झोप मोडेल. आणि काकांना सांग, पाणी ओतलं तर खाली शिव्या सुरू होतील, कुत्री भुंकतील, वॉचमन शिट्टी मारेल, आणि तुझी लेक उठून बसेल ती सकाळपर्यंत. पुठ्ठा भिजवून एखाद्या बाईची रात्रीची कमाई घालवणं हा तर निव्वळ दुष्टपणा झाला. हे शेवटचं काकांना सांगू नकोस, चिडतील.

पोलिसांचं पण जरा समजून घे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्रीची वेळ, निवासी भागात ४५ डेसिबल, व्यापारी भागात ५५. तुमची इमारत खाली दुकानं आणि वर घरं अशी, तेव्हा कुठली मर्यादा लावायची यावरच वाद. शिवाय हे आकडे ठरावीक वेळेच्या सरासरीचे असतात. दोन सेकंद झाकण आदळलं तर सरासरी फारशी हलत नाही, तुझी झोप मात्र तेवढ्यानेच मोडते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच दोन वेगळे आकडे दिलेत. झोपायच्या खोलीत सलग आवाज ३० डेसिबलपर्यंत आणि एकेकटा मोठा आवाज ४५ च्या आत. पंख्याची घरघर तू ऐकतही नाहीस आणि बाटली पडली की टुणकन उठतेस, तो हाच फरक. मोबाइलवरच्या त्या डेसिबल मोजणाऱ्या अ‍ॅपचे फोटो काढून ठाण्यात जाऊ नकोस. तिथे त्याला कुणी हिंग लावून विचारणार नाही.

मग जायचं कुणाकडे? हॉटेलच्या मॅनेजरकडे. मालकाकडे नको, तो ‘बघतो’ म्हणून विसरेल. आणि रात्री नको, तेव्हा त्याला मान वर करायला फुरसत नसते. दुपारी चारच्या सुमाराला जा. जेवणं आटोपलेली असतात, संध्याकाळची गर्दी सुरू व्हायची असते, मॅनेजर गल्ल्यावर बसून मोबाइल बघत असतो. कॉफी मागव. तक्रार म्हणून सुरुवात करू नकोस, ‘आम्ही वरचेच’ म्हणून कर. त्याला सांग, रात्रीची काच एकच्या ऐवजी साडेदहाच्या आत बाहेर काढा, नाहीतर मागच्या दाराच्या आत ठेवून सकाळी सातला काढा. काच पिंपातून ओतायची नाही, तळाला दोन जुनी पोती घातलेल्या क्रेटमध्ये ठेवायची आणि क्रेटच उचलून द्यायचा. पुठ्ठा आणि प्लास्टिकच्या बाटल्या ओल्यात टाकायच्याच नाहीत, वेगळ्या गोणीत भरून दाराशी ठेवायच्या.

या शेवटच्या गोष्टीवर जोर दे, कारण गाठ तिथेच आहे. माल वेगळा आणि कोरडा मिळाला तर कुणाला अंधारात कंटेनर उपसायचं कारणच उरत नाही. ती येईल, गोणी उचलेल आणि जाईल. मॅनेजर कां-कूं करायला लागला तर गोड आवाजात सांग की २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांतच हॉटेलांना कचरा जागेवर वेगळा करून सुका माल अधिकृत कचरावेचकांना किंवा पुनर्वापर करणाऱ्यांना द्यायला सांगितलं होतं, म्हणजे तू काही नवीन मागत नाहीयेस. एवढं ऐकल्यावर तो सरळ बसेल. कायद्याचं नाव आधी काढू नकोस मात्र. कॉफी संपत आल्यावर काढ.

भांडी घासणाऱ्या पोरांशीही बोल, जमलं तर मॅनेजरच्या देखत. ही पोरं बाहेरगावची, चौदा-चौदा तास उभी असतात. रात्री एक वाजता त्यांना वरच्या मजल्यावर कोण झोपलंय याची कल्पनाही नसते. ‘अरे दादा, वरच्या खिडकीत माझी चार वर्षांची पोर झोपते’ एवढं एकदा दाखवून दिलंस की फरक पडतो. दिवाळीला त्यांच्या हातावर फराळाचा डबा ठेव. मॅनेजरला दिलेला मालकाच्या घरी जातो.

कपड्यांच्या दुकानदारांचं सोपं आहे. त्यांना खोकी नकोच असतात. दुकान बढवताना चपटी करून, सुतळीने बांधून एका ठरलेल्या कोपऱ्यात ठेवा म्हटलं की ठेवतील. चपटी करायला नोकर कुरकुर करतो, पण अख्खी खोकी कंटेनरमध्ये कोंबताना जो आवाज होतो तो तरी वाचतो.

आता त्या बाईशी बोलायचं. किंवा माणसाशी, किंवा पोरांशी, जे कोण असतील ते. गॅलरीतून ओरडायचं नाही. अंधारातून वरून आवाज आला की माणूस दचकतो, हातातलं टाकतो, आणि तोच तर आवाज तुला नकोय. व्हिडिओ काढायचा नाही. खाली उतरायचं ते अहोंना किंवा वॉचमनला सोबत घेऊन, जिन्यातला दिवा लावून, आणि अंतर ठेवून उभं राहायचं. ‘मावशी, वर लेकरू झोपतंय, झाकण तेवढं हळू टाका’ म्हणून सांगायचं, आणि लगेच त्यांच्या फायद्याचं बोलायचं: ‘मी हॉटेलवाल्याला सांगितलंय, उद्यापासून पुठ्ठा आणि बाटल्या दाराशी वेगळ्या मिळतील, साडेदहानंतर केव्हाही या.’ लवकरची वेळ त्यांनाही हवी असते. तीन वाजता बोळात एकट्याने उभं राहणं बाईमाणसाला काय सोपं असतं का? चप्पल बघ त्यांच्या पायातली, काच कुठे कुठे लागलेली असते ते बघ. सल्ले मात्र देऊ नकोस. ‘दुसरं काम का नाही करत’ हे तर चुकूनही नको. म्हणूनच तुझ्या मोठ्या जाऊबाईंना सोबत नेऊ नकोस.

आणि तुमच्या घरचा सुका माल, वर्तमानपत्रं सोडून, महिन्यातून एकदा त्या रात्रीच्या माणसाला द्यायचा का, असा मोह तुला होईल. नको. तो सकाळच्या ताईचा हक्काचा माल आहे. तिचा तोडून याला दिलास तर दोघांत भांडण लावून देशील.

कंटेनरचंही बघ जरा. पत्र्याचं झाकण पत्र्यावर आदळतं म्हणून घंटा वाजते. पंक्चरवाल्याकडून टायरची जुनी ट्यूब घे, तिची पट्टी कापून झाकणाच्या कडेला तारेने बांधायला सांग. काही रुपयांचं काम आहे, पण फरक पहिल्याच रात्री कळेल. चाकांचा कंटेनर असेल तर त्याच्या चाकांना तेल. आणि बोळात एक दिवा लावून घ्या. सोसायटीतले म्हणतील, दिवा लावला तर आणखी लोक येतील. उलट आहे. उजेडात काय कुठे आहे ते दिसतं, मग अर्धा कंटेनर उलथापालथा करावा लागत नाही. अंधारात बाहेर पडलेल्या काचेवर तुमच्या वॉचमनचा पाय पडायचा तोही वाचेल.

हे सगळं व्हायला वेळ लागेल, तोवर तुझ्या खोलीकडे वळू. जाड पडदे घेतलेस ते दिसायला छान आहेत, पण आवाजाला पडद्याचं फारसं काही वाटत नाही. जिथून वारा येतो तिथून आवाज येतो, एवढं लक्षात ठेव. सरकत्या खिडकीच्या दोन काचांमध्ये आणि खालच्या पट्टीत फटी असतात. अगरबत्ती पेटवून खिडकीच्या कडेने फिरव, धूर जिथे हलेल तिथे फट. तिथला जुना झिजलेला ब्रश काढून नवा बसवायला अ‍ॅल्युमिनियमवाल्याला सांग. फटी बुजव, पण पाणी वाहून जायची खालची भोकं बुजवू नकोस, नाहीतर पावसात पाणी खोलीत येईल. पलंगाचं डोकं खिडकीच्या भिंतीला आहे, ते फिरव. आणि लेकीला सरळ रस्त्याकडच्या खोलीत झोपव. तिकडे रहदारी आहे म्हणतेस, पण रात्री ती सलग घुमते, मुलं तिला सरावतात. औषधाच्या दुकानात कानात घालायचे फोमचे बोळे मिळतात. ते तुला, तिला नाही. आणि घरात मूल आजारी असेल त्या रात्री तूही घालू नकोस.

मॅनेजर ऐकेनाच, किंवा आठवडाभर ऐकून पुन्हा पहिले पाढे पंचावन्न झाले, तर महापालिकेच्या आरोग्य कोठीत जा. क्षेत्रीय कार्यालयात पायऱ्या झिजवण्याआधी कोठी बरी. सकाळी लवकर गेलीस तर मुकादम भेटतो, नशीब असेल तर आरोग्य निरीक्षकही. तिथे ‘कचरावेचकांचा त्रास’ असं लिहून देऊ नकोस. तसं लिहिलंस तर ते त्या बाईला हुसकून मोकळे होतील आणि कागद फायलीत जाईल. ‘अमुक बोळातल्या आस्थापना ओला-सुका वेगळा करत नाहीत आणि रात्री उशिरा काच टाकतात’ असं लिही. हे त्यांच्या अखत्यारीतलं आहे, यावर नोटीस निघू शकते. अर्जाची पोच घे, शिक्क्यासकट. गाडीची वेळ बदलून मिळेल का, तेही मुकादमालाच विचार. त्याच्या हातात तेवढं असू शकतं.

पोलिसांचा ११२ नंबर कशासाठी ठेवायचा तेही सांगते. मारामारी झाली, कुणी जिन्यात शिरलं, मीटरच्या खोलीशी खटपट करताना किंवा गच्चीवरचे नळ काढताना दिसलं, कुणा बाईला कुणी त्रास देतंय असं वाटलं, तर एक क्षणही थांबू नकोस, फोन कर. लहान मूल एकटंच कचरा वेचताना दिसलं तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. नुसतं कुणीतरी वाकून पिशवी उघडतंय, यासाठी नाही.

ग्रुपवर मात्र आज काही लिहू नकोस. आधी मॅनेजरशी बोलून घे, मग ‘असं असं ठरलंय’ एवढंच टाक. आधी टाकलंस तर अठरा जणांची अठरा मतं येतील आणि कुलूपवाले जिंकतील. आणि हॉटेलात जाताना अहोंना सोबत नेऊ नकोस. स्वभावाने देवमाणूस आहेत, पण ‘मॅनेजर’ हा शब्द ऐकला की त्यांचा आवाज चढतो. त्यांना त्या वेळात ट्यूब आणायला पाठव.